‘प्रडिजस’ म्हणजे नेमकं किती?

क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्यांच्या कानावर एक विशेषण कधी ना कधी पडलेलं असतं. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हातभर वळला की समालोचक म्हणतो, ‘प्रडिजस टर्न!’ ४ जून १९९३ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर शेन वॉर्नने माइक गॅटिंगला टाकलेला चेंडू आठवा. टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला आणि चेंडू ऑफ स्टंपवर जाऊन आदळला. तो टर्न प्रडिजस होता. हेच विशेषण एखाद्याच्या स्मरणशक्तीला लागतं, लेखकाने लिहून ठेवलेल्या पुस्तकांच्या ढिगाला लागतं, पैलवानाच्या खुराकाला लागतं आणि सहाव्या वर्षी मैफल गाजवणाऱ्या मुलाच्या कौशल्यालाही लागतं. शब्दकोश उघडला तर ‘प्रचंड’, ‘अद्भुत’, ‘असामान्य’ असे अर्थ एकापाठोपाठ एक ठेवलेले दिसतात. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की चेंडूचं वळणं, जेवणाचा आवाका आणि लहान मुलाची बुद्धी एकाच शब्दात कशी काय मावतात?

आधी उच्चार. स्पेलिंग पाहून आपल्याकडे बरेच जण ‘प्रोडिजियस’ म्हणतात. इंग्रजीत तो ‘प्रडिजस’ असा, ‘डि’वर जोर देऊन म्हणतात. नाम मात्र ‘प्रॉडिजी’, तिथे जोर पहिल्या अक्षरावर. ‘चाइल्ड प्रॉडिजी’ हा शब्दप्रयोग आपल्या ओळखीचा आहे तो याच नामामुळे.

आता अर्थाकडे येऊ. त्यासाठी थेट प्राचीन रोममध्ये जावं लागतं, कारण या शब्दाचं मूळ असलेला लॅटिन ‘प्रोडिगियम’ हा तिथल्या सरकारी कामकाजातला शब्द होता. प्रोडिगियम म्हणजे निसर्गाचा नेहमीचा क्रम मोडणारी घटना. अशी घटना घडली म्हणजे देव आणि रोम यांच्यात काहीतरी बिनसलं आहे, असं मानलं जाई.

इ.स.पू. २१८ च्या हिवाळ्यात रोमचा शत्रू असलेला कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्स ओलांडून इटलीत उतरला होता आणि रोम धास्तावलेलं होतं. त्या हिवाळ्यातल्या अशा घटनांची यादी इतिहासकार लिव्ही देतो. गुरांच्या बाजारात एक बैल आपणहून तिसऱ्या मजल्यावर चढला आणि रहिवाशांच्या आरडाओरड्याने बिथरून त्याने खाली उडी घेतली. आकाशात जहाजांचे आकार चमकले. पिकेनम भागात दगडांचा पाऊस पडला. आणि भाजीबाजारात सहा महिन्यांच्या एका तान्ह्या बाळाने विजयाची आरोळी ठोकली. लिव्ही भाबडा नव्हता. लोकांची मनं एकदा धास्तावली की अशा पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात आणि फारसा विचार न करता त्यांवर विश्वासही ठेवला जातो, असं तो तिथेच नोंदवतो.

या बातम्यांचं पुढे काय होई, ते मला फार मोलाचं वाटतं. त्या सिनेटपुढे, म्हणजे रोमच्या राज्यकर्त्या सभेपुढे, मांडल्या जात. घटना अधिकृत मानायची की नाही, हे सिनेट ठरवी. इ.स.पू. १६९ मध्ये दोन घटना नाकारल्या गेल्या. एक खासगी जागेत घडली होती म्हणून आणि दुसरी परक्या मुलखात घडली होती म्हणून. स्वीकारलेल्या घटनांवर पुरोहितांचा सल्ला घेतला जाई, सिबिल या भविष्यवेत्तीचे म्हणून जपलेले प्राचीन ग्रंथ उघडले जात आणि शांती केली जाई. दगडांच्या पावसासाठी नऊ दिवसांचा विधी ठरलेला असे. म्हणजे अचंबा वाटला, इतक्यावर काम भागत नसे. अचंब्याची चौकशी होई.

ते बोलणारं बाळ इथे महत्त्वाचं आहे. आज अशी बातमी आली तर लोक त्या बाळाचं कौतुक करतील, त्याचे व्हिडिओ पाहतील. रोमन माणूस घाबरला. बाळ हुशार आहे, असं त्याच्या मनातही आलं नाही. जे काम वर्षा-दोन वर्षांनी व्हायचं ते सहाव्या महिन्यात झालं, म्हणजे घडी विस्कटली, इतकंच त्याला दिसलं. मुळात हा शब्द त्या भीतीचा होता.

आपल्या परंपरेत याला जवळचा शब्द आहे ‘उत्पात’. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उत्पातांवर स्वतंत्र विवेचन आहे आणि त्यांचे दिव्य, आंतरिक्ष आणि भौम असे प्रकार सांगितले आहेत. तिथेही निसर्गाचं उलटं वागणं म्हणजे संकटाची सूचना आणि त्यावर शांती. पण मराठी मनात याच्या नेमकी उलट वाटही पक्की रुजलेली आहे. इ.स.पू. १९२ मध्ये रोममध्ये एका कॉन्सुलची, म्हणजे तिथल्या सर्वोच्च अधिकाऱ्याची, गाय ‘रोमा, सावध राहा’ असं बोलली, अशी नोंद लिव्ही देतो. पुरोहितांनी त्या गाईला जपून सांभाळायला आणि नीट खाऊ घालायला सांगितलं. जनावर बोललं ही गोष्ट तिथे संकटाची खूण ठरली. पैठणला रेड्याच्या मुखातून वेद आले ही कथा आपण ऐकत आलो, ती मात्र कृपेची खूण म्हणून. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, पंधरा वर्षांच्या ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली, याकडे या भूमीने धास्तीने पाहिलं नाही. ‘माउली’ म्हटलं. वयाच्या मानाने अचाट असलेल्या गोष्टीला प्रेमाने सामोरं जाण्याची आपली ही रीत मनाशी ठेवली, तर इंग्रजी शब्दातली जुनी भीती अधिक स्पष्ट दिसते.

इंग्रजीत हा शब्द आला तो ही भीती बरोबर घेऊनच. शेक्सपिअरच्या काळात जन्मखुणेला किंवा शारीरिक व्यंगाला ‘प्रडिजस’ म्हणत, तेव्हा त्याचा अर्थ ‘अशुभसूचक’ असा असे. पुढे शकुन-अपशकुनांवरचा विश्वास जसा सैल होत गेला, तशी त्यातली अशुभाची छटा झिजली. उरलं काय, तर ‘नेहमीच्या मापात न बसणारं’. त्यातूनच ‘प्रचंड’ हा अर्थ आला. चेंडूचा टर्न, पैलवानाचा खुराक आणि मुलाची बुद्धी इथे एकत्र येतात. तिन्ही ठिकाणी अपेक्षेचं माप फुटलेलं असतं.

१६५८ च्या जानेवारीत इंग्रज दैनंदिनीकार जॉन एव्हलिन याचा मुलगा रिचर्ड तापाने गेला. पाच वर्षं नि तीन दिवसांचा होता. बापाने दैनंदिनीत त्याच्या बुद्धीबद्दल लिहिताना ‘प्रॉडिजी’ हाच शब्द वापरला. इंग्रजी, लॅटिन, फ्रेंच वाचणारं ते पोर होतं. इथे शब्दात धास्ती नाही, दुःखाने भरलेला अभिमान आहे. अपशकुनाचा शब्द किती दूर आला, हे त्या एका नोंदीत दिसतं.

आणखी शंभर वर्षांनी तो जाहिरातीत आला. १७६५ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांत लिओपोल्ड मोत्सार्टने आपल्या मुलाची, म्हणजे पुढे थोर संगीतकार ठरलेल्या मोत्सार्टची, जाहिरात दिली. युरोपनेच काय, अवघ्या मानवजातीने अभिमान बाळगावा अशी सर्वांत मोठी प्रॉडिजी म्हणजे हा छोटा जर्मन मुलगा वोल्फगांग, असा तिचा आशय होता. लंडनकरांना शंका येणं साहजिक होतं. बाप वय कमी करून सांगत असेल. वाजवायच्या गोष्टी महिनोन् महिने घोटून घेतल्या असतील.

ही शंका डेन्स बॅरिंग्टन या गृहस्थाने गंभीरपणे घेतली. तो वकील, न्यायाधीश, निसर्गाचा अभ्यासक आणि रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचा सदस्य होता. जून १७६५ मध्ये तो मोत्सार्ट कुटुंबाच्या बिऱ्हाडी गेला आणि मुलापुढे त्याने कधीच न पाहिलेली एक हस्तलिखित रचना ठेवली. तिच्यात पाच ओळी एकाच वेळी वाचायच्या होत्या, दोन गळ्यांच्या आणि तीन वाद्यांच्या. ज्यांना स्वरलेखन येत नाही त्यांना हे किती अवघड आहे, हे कळावं म्हणून बॅरिंग्टनने अहवालात कष्टाने समजावलं आहे. एखाद्या मुलाने पाच ओळी एकदम वाचाव्यात आणि त्यांतल्या काही ओळींत अक्षरांचे उच्चारही निराळे असावेत, असं काहीसं ते होतं. मुलाने ती रचना पहिल्याच फटक्यात योग्य लयीत आणि योग्य ढंगात वाजवली, एक भाग स्वतः गायला आणि दुसऱ्या भागात बाप चुकला तेव्हा त्याच्याकडे नाराजीने पाहिलं.

मग बॅरिंग्टनने आयत्या वेळी प्रेमाचं गाणं रचायला सांगितलं. तेही झालं. नंतर संतापाचं गाणं मागितलं. मुलगा त्यात इतका रंगला की अंगात आल्यासारखा वाद्यावर हात मारू लागला आणि मध्येच खुर्चीतून उठू लागला. हे सगळं चालू असताना खोलीत मांजर आलं. मुलाने वाद्य सोडलं आणि मांजराच्या मागे लागला. बराच वेळ त्याला परत आणता येईना. मध्येच काठीचा घोडा करून तो खोलीभर दौडत होता. बॅरिंग्टनने या गोष्टीही टिपल्या, कारण वयाबद्दलची त्याची शंका त्यांनी थोडी फिटली. तेवढ्यावर न थांबता त्याने साल्झबर्गहून जन्माची नोंद मागवली. नोंद खरी निघाली, जन्म २७ जानेवारी १७५६. त्याचा अहवाल १७७० मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला.

सिनेटने जे बैलाच्या आणि दगडांच्या बातमीचं केलं, तेच बॅरिंग्टनने एका मुलाच्या कौशल्याचं केलं. आधी साक्ष तपासली, मग शब्द मान्य केला. ‘प्रडिजस’चा प्रामाणिक वापर कसा असतो, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

त्याच दौऱ्यांत वोल्फगांगची थोरली बहीण मारिया अ‍ॅना हीदेखील वाजवत असे. १७५१ चा तिचा जन्म. जाहिरातींत तिचंही नाव असे आणि तिचंही तितकंच नवल होई. लग्नाचं वय जवळ आल्यावर तिचे दौरे थांबले. १७७० मध्ये भावाने पत्रात तिच्या एका रचनेचं मनापासून कौतुक केलं, पण तिची एकही रचना आज उपलब्ध नाही. ‘प्रॉडिजी’ म्हणून गाजणं आणि पुढे काम करू दिलं जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट घरचे आणि समाज ठरवतात.

आता या विशेषणाचा गाभा. ‘प्रडिजस’ आपल्याला ‘किती’ हे सांगतं. ‘कसं’ आणि ‘कशामुळे’ यावर ते काहीच बोलत नाही. ही गोष्ट ध्यानात घेतली नाही की माणसं शब्दावरून भलते निष्कर्ष काढतात, विशेषतः ‘हे उपजतच असणार’ असा.

एक उदाहरण अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातलं. तिथल्या स्टीव्ह फॅलून नावाच्या अगदी साधारण स्मरणशक्तीच्या विद्यार्थ्यावर विल्यम चेस आणि अँडर्स एरिक्सन यांनी प्रयोग केला. एकामागून एक आकडे ऐकायचे आणि त्याच क्रमाने म्हणून दाखवायचे. सुरुवातीला त्याला सातेक आकडे जमत, म्हणजे तुम्हाआम्हाला जमतात तेवढेच. वीस महिन्यांत दोनशेहून अधिक तास सराव केल्यावर तो ७९ आकड्यांपर्यंत पोहोचला. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता, म्हणून आकड्यांचे तुकडे पाडून त्यांना शर्यतीतल्या वेळांचं रूप देई. ३४९२ ऐकलं की मैलाच्या शर्यतीची वेळ, ३ मिनिटं ४९.२ सेकंद. ७९ आकड्यांची स्मरणशक्ती प्रडिजसच म्हणायची. पण आकड्यांऐवजी अक्षरं दिली की गडी पुन्हा सहावर. त्याची स्मरणशक्ती मोठी झाली नव्हती, तिच्यात शिरायची एक खास वाट तयार झाली होती. हा प्रयोग १९८० मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरं उदाहरण शकुंतलादेवींचं. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये त्यांनी १३ अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला. १९८८ मध्ये बर्कलीला मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी त्यांची चाचणी घेतली. ६,१६,२९,८७५ चं घनमूळ आणि १७,०८,५९,३७५ चं सातवं मूळ असे प्रश्न विचारले गेले. जेन्सन यांचं वहीत उतरवून होण्याआधीच उत्तरं आली, ३९५ आणि १५. मग जेन्सन यांनी मेंदूचा मूळ वेगही मोजला. दिवा लागला की बटण दाबायचं, अशा साध्या प्रतिक्रियांचा. तिथे त्यांचा वेग चारचौघांसारखाच निघाला. आकड्यांपुढे जे घडत होतं ते नुसत्या चपळ मेंदूने घडत नव्हतं. आकड्यांशी लहानपणापासून जडलेल्या सख्यातून ते येत होतं, असं मला या निष्कर्षावरून वाटतं.

तिसरीकडे चित्र पार निराळं आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातले मनोविकारतज्ज्ञ डॅरल्ड ट्रेफर्ट यांनी आयुष्यभर ‘सॅव्हंट’ व्यक्तींचा अभ्यास केला. ऑटिझम किंवा मेंदूच्या दुसऱ्या एखाद्या स्थितीमुळे रोजच्या जगण्यात मोठ्या अडचणी आणि त्यासोबत एखाद्याच क्षेत्रात ठळक कौशल्य, अशी ही माणसं असतात. ट्रेफर्ट यांनी त्यांची प्रतवारी केली आणि सर्वांत वरच्या गटाला ‘प्रडिजस सॅव्हंट’ असं नाव दिलं. निकष ऐकण्यासारखा आहे. जे कौशल्य कोणतीही अडचण नसलेल्या माणसात दिसलं असतं तरीही थक्क व्हायला झालं असतं, तेच प्रडिजस. ‘याच्या मानाने फार छान’ अशी सवलत इथे नाही. ट्रेफर्ट यांच्या अंदाजाने अशी हयात माणसं जगात शंभराच्या आतच असावीत.

किम पीक हे त्यांतलं सर्वपरिचित नाव, १९५१ ते २००९. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा मज्जातंतूंचा जुडगा त्यांच्यात जन्मतःच नव्हता. हजारो पुस्तकं मुखोद्गत आणि सदऱ्याची बटणं लावायला मात्र वडिलांची मदत. लंडनचे स्टीफन विल्टशर यांनी २००५ मध्ये हेलिकॉप्टरमधून टोकियो पाहिलं आणि नंतर दहा मीटर लांबीच्या कॅनव्हासवर ते शहर स्मरणातून रेखाटलं. फॅलून, शकुंतलादेवी, किम पीक. विशेषण तिघांनाही एकच, आणि आतली यंत्रणा तिघांची तीन तऱ्हेची.

यावरून शेजारचे शब्दही सहज वेगळे काढता येतात. ‘गिफ्टेड’ म्हणताना आपण कारण सांगतो, देणगी मिळाली आहे असं गृहीत धरतो. शाळांच्या भाषेत ती एक वर्गवारीही आहे. ‘प्रिकोशस’ फक्त वेळेबद्दल बोलतो. मूळ लॅटिन अर्थ लवकर पिकलेलं, आणि मराठीत ‘अकालप्रौढ’ हा त्याला अगदी चपखल शब्द आहे, थोड्याशा नाराजीसकट. ‘जीनियस’मध्ये नवं घडवण्याची अपेक्षा असते. ‘चाइल्ड प्रॉडिजी’साठी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड हेन्री फेल्डमन यांची व्याख्या बरीच रूढ आहे. अवघड क्षेत्रात, वयाच्या दहाव्या वर्षाआधी, तयारीच्या प्रौढाइतकं काम. अशी मुलं संगीत, बुद्धिबळ आणि गणित यांत जास्त दिसतात याचं कारणही समजण्यासारखं आहे. या क्षेत्रांचे नियम पक्के असतात आणि चूक लगेच कळते. कादंबरी लिहायला किंवा निवाडा द्यायला जगण्याचा जो साठा लागतो, तो इथे लागत नाही.

वापराचं म्हणाल, तर हे विशेषण माणसापेक्षा त्याच्या क्षमतेला किंवा कामाच्या राशीला जास्त शोभतं. प्रडिजस मेमरी, प्रडिजस एनर्जी, प्रडिजस आउटपुट. गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर याच्या नावावर साडेआठशेच्या वर लेखन आहे. त्यातला मोठा भाग त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेल्यानंतरचा. १७८३ मध्ये तो वारल्यावरही सेंट पीटर्सबर्गची अकादमी कित्येक दशकं त्याचे लेख छापत राहिली. ‘प्रडिजस आउटपुट’ असं तिथे निःशंक लिहावं.

परदेशी विद्यापीठांसाठी शिफारसपत्रं लिहिताना मात्र आपल्याकडे ‘अ प्रडिजस स्टुडंट’ असं सर्रास लिहिलं जातं आणि ते कानाला खटकतं. वाचणारा विचारतो, कशात? किती? त्याऐवजी विद्यार्थिनीने एका सत्रात काय वाचलं, काय सोडवलं, ते आकड्यांसह लिहावं आणि मग त्या वाचनाला ‘प्रडिजस’ म्हणावं. स्वतःच्या अर्जात स्वतःसाठी तर हा शब्द वापरूच नये. दुसऱ्याने थक्क होऊन म्हणायचा हा शब्द आहे.

दोन गफलती टाळाव्यात. ‘प्रॉडिगल’ दिसायला सख्खा भाऊ वाटतो, पण त्याचा अर्थ उधळ्या. बायबलमधल्या ‘प्रॉडिगल सन’ने वाटणीची मालमत्ता उडवली होती. तो परत आला म्हणून पुष्कळांना त्या शब्दाचा अर्थ ‘परतलेला’ असा वाटतो, तो चुकीचा आहे. दुसरा ‘प्रेस्टिजस’. तो मानाबद्दल आहे, क्षमतेबद्दल नाही. पुरस्कार प्रेस्टिजस असतो, तो मिळवणाऱ्याची मेहनत प्रडिजस असू शकते.

मराठीत आणताना एकच प्रतिशब्द सगळीकडे ठोकून बसवू नये. स्मरणशक्ती आणि धाडस यांना ‘अचाट’ उत्तम बसतो, कारण त्यातही माप फुटल्याची भावना आहे. लेखनाच्या किंवा कामाच्या राशीला ‘अफाट’ किंवा ‘प्रचंड’ म्हणावं. मुलाच्या गळ्याला किंवा हाताला ‘विलक्षण’ म्हणावं, तेही गाणं ऐकल्यावर. आणि चेंडूसाठी विशेषण शोधत बसण्यापेक्षा ‘हातभर वळला’ म्हणावं.